सुगंधी गुलाब: कळीपासून पाकळी गळेपर्यंतचं रसायन (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

बागप्रेमी, गुलकंद करणारे, फूलशेती करणारे आणि रसायनशास्त्र शिकणारी मुलं गुलाबाच्या वासाबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. बहुतेक उत्तरांत उदाहरण दमास्क गुलाबाचं, म्हणजे रोझा डॅमॅसेनाचं घेतलं आहे. जगातलं बहुतेक गुलाबतेल याच फुलाचं. एक गोष्ट सुरुवातीलाच सांगून ठेवतो, कारण पुढची बरीचशी उत्तरं तिच्यावरच उभी आहेत: गुलाबाची पाकळी सुगंधाचा मोठा साठा करून ठेवत नाही. ती उमलता उमलता सुगंध बनवते आणि बनवता बनवता हवेत सोडून देते.

कळी हुंगली तर वास का येत नाही?

कारण वास बनवणारी यंत्रणा तेव्हा जवळजवळ बंद असते. पाकळीची वाढ पूर्ण होत येते आणि कळीचे हिरवे निदल एकमेकांपासून सुटू लागतात, तेव्हा कुठे सुगंधाच्या एन्झाइमांची जनुकं जोरात कामाला लागतात. झाडाच्या बाजूनं पाहिलं तर यात हिशेब आहे. सुगंधी रेणू बनवायला साखर आणि ऊर्जा खर्च होते. तो खर्च मधमाशीला बोलावण्यासाठी असतो, आणि बंद कळीत मधमाशीला काही कामच नसतं.

कळीत वेगळी रसायनं असतात. टॅनिनसारखी तुरट द्रव्यं भरपूर असतात. कोवळी कळी चावून पाहिली तर जीभ आखडते ती त्यांच्यामुळे. किडीसाठी हा चांगला अडसर असतो. हिरवी कळी बोटांत चुरडली तर ताज्या कापलेल्या गवतासारखा वास येतो. तो कळीत आधीपासून नसतो. पेशी फुटल्या की त्यांच्यातल्या मेदाम्लांवर एन्झाइमांची क्रिया होते आणि काही सेकंदांत हेक्झेनालसारखी द्रव्यं तयार होतात, त्यांचा तो वास.

मग सुगंध सर्वांत जास्त कधी असतो?

अर्धवट उमललेल्या अवस्थेपासून ते फूल नुकतंच पूर्ण उघडेपर्यंत. ओळखायची सोपी खूण पुंकेसरांची आहे. फूल वाटीसारखं उघडलेलं असावं आणि मधले पुंकेसर लख्ख पिवळे असावेत. पुंकेसर तपकिरी पडले, परागकोश फुटून सुकले, की समजावं की पाकळीतला सुगंधाचा बहर ओसरला. त्यानंतरही फूल दिवसभर सुंदर दिसतं, पण तेल काढणाऱ्याच्या दृष्टीनं त्याचं मोल झपाट्यानं उतरतं. दमास्क गुलाबात हा सगळा प्रवास फार थोड्या वेळात उरकतो. पहाटे उघडलेलं फूल त्याच संध्याकाळी थकलेलं दिसतं.

फुलात हा सुगंध नेमका कुठे असतो?

पाकळीच्या पृष्ठभागावरच्या, एका पेशीएवढ्या जाडीच्या थरात. पाकळीची वरची बाजू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली तर शंकूच्या आकाराच्या पेशी दाटीवाटीनं उभ्या दिसतात. पाकळीला बोट लावल्यावर जी मखमल जाणवते, ती यांचीच. मागच्या बाजूच्या पेशी चपट्या असतात, पण वास त्यांच्यातूनही सुटतो.

तुळस किंवा पुदिन्याच्या पानावर तेल साठवणाऱ्या सूक्ष्म ग्रंथी असतात. म्हणून ती पानं वाळली तरी चुरडल्यावर वास देतात. गुलाबाच्या पाकळीवर अशा ग्रंथी नसतात. सावलीत कितीही जपून वाळवलेल्या पाकळ्यांत ताज्या फुलाचा वास राहत नाही, त्याचं मूळ इथे आहे. मॉस गुलाबाच्या निदलांवर आणि देठावर मात्र चिकट ग्रंथी असतात आणि त्यांना हात लावला की बोटांना राळेसारखा वास लागतो. तो पाकळीच्या वासाहून अगदी वेगळा असतो.

पुंकेसरांचा आणि परागाचाही स्वतःचा वेगळा वास असतो. फुलाच्या मध्यभागी नाक नेलं तर लवंगेची जी किंचित झाक येते, तिच्यात युजेनॉलसारख्या द्रव्यांचा वाटा असतो.

गुलाबाच्या वासात कोणकोणती रसायनं असतात?

शेकडो. पण मुख्य घराणी थोडी आहेत.

पहिलं घराणं टर्पीन अल्कोहोलांचं: जिरॅनिऑल, सिट्रोनेलॉल आणि नेरॉल. ज्याला आपण सरळ 'गुलाबाचा वास' म्हणतो त्याचा कणा हाच. दुसरं घराणं फेनिलॲलॅनिन या अमिनो आम्लापासून येणारं. त्यात २-फेनिलइथेनॉल हे मुख्य. त्याचा वास मऊ, मधाकडे झुकणारा असतो आणि गुलाबपाण्यातून येतो तो मुख्यतः हाच. लवंगेतलं युजेनॉलही फेनिलॲलॅनिनपासूनच निघतं. तिसरं घराणं कॅरोटिनॉइडांच्या, म्हणजे गाजराला रंग देणाऱ्या जातीच्या द्रव्यांच्या विघटनातून येणारं: बीटा-आयोनोन आणि बीटा-डॅमॅसेनोन. आणि चौथं चिनी गुलाबांकडून आलेलं, ३,५-डायमेथॉक्सीटोल्युइन. त्याबद्दल पुढे वेगळा प्रश्न आहे.

यात एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. जे द्रव्य सर्वांत जास्त, तेच नाकाला सर्वांत जास्त जाणवतं असं अजिबात नाही. डॅमॅसेनोन गुलाबतेलात एक टक्क्याच्याही कितीतरी खाली असतं. पण पाण्याच्या एक अब्ज भागांत त्याचा शंभरावा हिस्सा मिसळला तरी माणसाचं नाक ते टिपतं. २-फेनिलइथेनॉल जाणवायला त्याच्या कित्येक हजारपट प्रमाण लागतं. रोझ ऑक्साइडही असंच, थोडकं पण तीक्ष्ण. लिचीचा जो ओळखीचा वास आहे त्यातही ते असतं. काही गुलाब हुंगल्यावर लिचीची आठवण होते ती उगाच नाही. त्यामुळे प्रयोगशाळेच्या अहवालातली टक्केवारी वाचून एखाद्या गुलाबाचा वास कसा असेल हे सांगता येत नाही.

ही द्रव्यं फूल बनवतं कशी?

जिरॅनिऑलची गोष्ट सविस्तर सांगण्यासारखी आहे. तुळशीच्या काही जातींत आणि इतर बऱ्याच सुगंधी वनस्पतींत हा रेणू टर्पीन सिंथेज नावाचा एन्झाइम बनवतो. गुलाबातही तसंच असणार असं वर्षानुवर्षं गृहीत धरलं गेलं होतं. पण २०१५ साली फ्रेंच संशोधकांच्या गटानं 'सायन्स' या नियतकालिकात वेगळंच चित्र मांडलं. त्यांनी 'पापा मेयाँ' हा घमघमणारा गुलाब आणि 'रूज मेयाँ' हा जवळजवळ वास नसलेला गुलाब शेजारी ठेवून कोणती जनुकं एकात जागी आणि दुसऱ्यात झोपलेली आहेत ते तपासलं. सापडलं ते नडिक्स कुळातल्या एका एन्झाइमचं जनुक. या कुळाचं एरवीचं ओळखीचं काम पेशीतले बिघडलेले, घातक रेणू तोडून निकामी करणं, म्हणजे साफसफाईचं. गुलाबाच्या पाकळीत मात्र तो जिरॅनिल डायफॉस्फेटवरचा एक फॉस्फेट काढतो, मग दुसरा एक एन्झाइम उरलेला फॉस्फेट काढतो आणि जिरॅनिऑल मोकळं होतं.

पाकळी उमलत जाते तसतशी या जनुकाची हालचाल वाढते. सुगंधी जातींत ती भरपूर असते, बिनवासाच्या जातींत नगण्य. म्हणजे कळी आणि फूल यांच्यातला फरक आणि सुगंधी व बिनवासाच्या जातींतला फरक, दोन्हींच्या मागे बऱ्याच अंशी हाच एन्झाइम आहे.

जिरॅनिऑल तयार झालं की फूल त्यावर पुढचे संस्कार करतं. त्यातून सिट्रोनेलॉल बनतं, नेरॉल बनतं. ॲसिटेट जोडणारा एन्झाइम त्याचं जिरॅनिल ॲसिटेट करतो आणि वासाला फळासारखी गोडी येते. हा ॲसिटेटचा टप्पा उशिरा येतो. 'फ्रॅग्रंट क्लाउड' या केशरट लाल गुलाबाच्या अभ्यासात तो एन्झाइम पूर्ण वाढलेल्या फुलातच जोमानं काम करताना आढळला. अर्धं उमललेलं आणि पूर्ण उमललेलं एकाच झाडाचं फूल हुंगलं तर वास नुसता कमी-जास्त लागत नाही, त्याचा बाजही थोडा बदललेला लागतो. कारण हेच.

२-फेनिलइथेनॉलचा रस्ता वेगळा. फेनिलॲलॅनिनपासून एका एन्झाइमच्या मदतीनं आधी फेनिलॲसिटाल्डिहाइड बनतं, मग त्याचं अल्कोहोल होतं.

'साखरेला बांधलेला सुगंध' असं वाचनात आलं. ते काय असतं?

पाकळी सगळाच सुगंध मोकळा ठेवत नाही. २-फेनिलइथेनॉलसारख्या काही रेणूंना ती ग्लुकोजचा रेणू जोडून ठेवते. असं जोडलेलं रूप पाण्यात सहज विरघळतं, उडत नाही आणि त्याला वासही नसतो. जपानमधल्या शिझुओका विद्यापीठातल्या संशोधकांनी गुलाबातल्या या ग्लायकोसाइडांवर बरंच काम केलं आहे. एन्झाइमनं किंवा आम्लानं ती साखर तोडली की वास पुन्हा मोकळा होतो.

सुरुवातीला मी म्हटलं की गुलाब मोठा साठा करत नाही. त्याला ही छोटी पुरवणी. साठा आहे, पण कुलपात आहे. जिरॅनिऑल आणि सिट्रोनेलॉलही काही प्रमाणात असे बांधलेले सापडतात.

कळी उमलते तेव्हा पाकळीत आणखी काय घडतं?

कळीच्या पाकळ्यांत पिष्ट, म्हणजे स्टार्च, जमा झालेलं असतं. उमलण्याच्या सुमारास ते मोडून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज तयार होतं. पानांकडून येणारी साखरही याच वेळी पाकळीत ओढली जाते. पेशींत साखर वाढली की पाणी आत शिरतं, पेशी फुगतात, पेशींच्या भिंती सैल करणारे एन्झाइम त्यांना ताणायला वाव देतात आणि पाकळी मोठी होत बाहेर वळते. गुलाबाचं उमलणं हे बहुतांशी जुन्याच पेशी फुगण्याचं काम आहे. नव्या पेशी या टप्प्यावर फारशा तयार होत नाहीत.

सुगंध आणि उमलणं दोन्ही याच साखरेवर चालतात. म्हणून सावलीत वाढलेल्या, पानं गळालेल्या किंवा भुरी रोगानं पानं खराब झालेल्या झाडाची फुलं छोटी राहतात आणि वासालाही फिकी पडतात.

फुलं पहाटेच का तोडतात? ही नुसती परंपरा आहे का?

परंपरा आहे, आणि तिच्यामागे पक्कं रसायन आहे. बल्गेरियातल्या काझानलाकच्या गुलाबखोऱ्यात, तुर्कस्तानातल्या इस्पार्तात, इराणमध्ये काशानजवळच्या कमसरला, आपल्याकडे कन्नौजच्या आसपास आणि राजस्थानात पुष्करला, सगळीकडे तोडणी उजाडायच्या सुमारास सुरू होते आणि ऊन तापायच्या आत आटपली जाते.

रात्रभर आणि पहाटे पाकळी उघडत असते, सुगंधी द्रव्यं तयार होत असतात, आणि हवा थंड व दमट असल्यामुळे ती फारशी उडत नाहीत. सकाळी लवकर पाकळीत जमलेलं प्रमाण म्हणून जास्त असतं. सूर्य वर आला की तापमान वाढतं आणि द्रव्यं झपाट्यानं हवेत जातात. दमास्क गुलाबाच्या एका बारमाही जातीवर झालेल्या अभ्यासात सुगंध सोडण्याला दिवस-रात्रीची लय असल्याचं दिसलं आणि सर्वांत जास्त उत्सर्जन दिवसाउजेडी होतं असं आढळलं.

इथे पुष्कळांचा गोंधळ होतो. दहा-अकरा वाजता बागेत गेलं तर वास दरवळत असतो, मग तेव्हाच फुलं का तोडू नयेत? कारण जो वास नाकापर्यंत पोचला तो पाकळीतून निघून गेलेला असतो. बागेत फिरायला जाणाऱ्याची वेळ वेगळी आणि भट्टी लावणाऱ्याची वेळ वेगळी. भट्टीवाल्याला पाकळीत काय शिल्लक आहे ते हवं असतं.

प्रमाणाचा अंदाज यावा म्हणून सांगतो: एक किलो गुलाबतेलासाठी साधारण तीन ते पाच हजार किलो फुलं लागतात. इतक्या थोड्या तेलात दोन-तीन तासांच्या उशिरानं पडणारा फरक शेतकऱ्याच्या आणि अत्तरवाल्याच्या हिशेबात लगेच दिसतो.

फूल तोडल्यावर हे बदल थांबतात का?

नाही. तोडलेली पाकळी जिवंत असते. ती श्वसन करते, साखर जाळते, उष्णता सोडते. गोणीत दाबून भरलेल्या फुलांत हात घातला तर मधला भाग चक्क गरम लागतो. त्या उष्णतेत पेशी फुटतात, बांधून ठेवलेले रेणू सुटतात, काही उडतात, काहींचं ऑक्सिडीकरण होतं. पडून राहिलेल्या फुलांचं तेल कमी निघतं आणि त्यात सिट्रोनेलॉलचा वाटा वाढतो, जिरॅनिऑलचा घटतो. इस्पार्तात हंगामाच्या भरात भट्ट्यांना फुलं आवरत नाहीत तेव्हा ती आंबून जातात आणि अशा फुलांच्या तेलात हा फरक स्पष्ट मोजता येतो.

घरी गुलकंदासाठी किंवा गुलाबपाण्यासाठी फुलं आणली तर हेच लक्षात ठेवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवू नका. सुती कापडावर सावलीत पातळ पसरा आणि त्याच सकाळी कामाला घ्या.

अत्तराचा किंवा गुलाबतेलाचा वास झाडावरच्या फुलासारखा का नसतो?

कारण भट्टीत फुलाचं रसायन पुन्हा एकदा बदलतं.

पहिला बदल वजाबाकीचा. २-फेनिलइथेनॉल पाण्यात बऱ्यापैकी विरघळतं. ऊर्ध्वपातन करताना ते वाफेबरोबर येतं खरं, पण तेलात न राहता पाण्यात उतरतं. द्रावक वापरून काढलेल्या गुलाबाच्या अर्कात हे द्रव्य निम्म्याहून जास्त असू शकतं आणि ऊर्ध्वपातित तेलात जेमतेम दोन-तीन टक्के. म्हणून गुलाबपाणी हे गुलाबाचं उरलंसुरलं पाणी नव्हे. फुलाच्या वासाचा एक मोठा हिस्सा त्यातच असतो. बल्गेरियात हे पाणी पुन्हा भट्टीत घालून त्यातलं दुसरं तेल काढतात आणि पहिल्या तेलात मिसळतात.

दुसरा बदल बेरजेचा. ताज्या पाकळीत डॅमॅसेनोन जवळजवळ नसतंच. त्याची पूर्वद्रव्यं असतात, कॅरोटिनॉइडांपासून आलेली आणि साखरेला बांधलेली. भट्टीतली उष्णता आणि पाकळीतली आम्लं मिळून त्यांतून डॅमॅसेनोन सोडवतात. बल्गेरियन गुलाबतेलात हे द्रव्य असल्याचं जिनिव्हातल्या रसायनशास्त्रज्ञांनी १९७० मध्ये प्रसिद्ध केलं. तेलाच्या वासातली ती खोल, सुकामेव्यासारखी गोडी बरीचशी त्यामुळे.

तिसरी गोष्ट मेणाची. पाकळीवरच्या मेणातले नोनाडेकेन, हेनायकोसेनसारखे हायड्रोकार्बन तेलाबरोबर येतात. त्यांना स्वतःचा वास नाही, पण त्यांच्यामुळे अस्सल गुलाबतेल वीस अंशांच्या आसपास गोठू लागतं. थंडीत बाटलीत चकचकीत पापुद्रे दिसतात ते हेच. जहांगीर बादशहानं आपल्या आठवणींत नूरजहाँच्या आईचा उल्लेख केला आहे: गरम गुलाबपाणी पसरट भांड्यांत ओतल्यावर वर जो तवंग येई, तो तिनं गोळा केला आणि त्याला 'इत्र-ए-जहांगीरी' असं नाव मिळालं. गरम गुलाबपाणी निवताना तेल आणि मेण वर येऊन साकळतं, ते या वर्णनाशी तंतोतंत जुळतं.

कन्नौजच्या पारंपरिक अत्तरात आणखी एक भर असते. तांब्याच्या देगेत फुलं आणि पाणी, तोंड चिकणमातीनं लिंपलेलं, बांबूच्या नळीतून वाफ भपक्यात, म्हणजे ती गोळा होते त्या भांड्यात, आणि भपक्यात चंदनाचं तेल. सुगंध चंदनतेलात मुरतो. त्यामुळे ते अत्तर गुलाबाचं असलं तरी निव्वळ गुलाबतेल नसतं.

फूल जुनं होताना लाल गुलाब जांभळट का पडतो आणि गुलाबी फिका का होतो?

दोन्हींत रंगद्रव्य तेच असतं, प्रामुख्यानं सायनिन नावाचं अँथोसायनिन.

गुलाबी फुलात पाकळी मोठी होत जाते, पण रंगद्रव्याचं उत्पादन त्या वेगानं वाढत नाही. तेवढाच रंग जास्त जागेत पसरतो. वरून ऊन आणि उष्णता थोडा रंग मोडतात. दमास्क गुलाबाची कळी गडद आणि फूल फिकं दिसतं ते यामुळे.

लाल गुलाबात गंमत आम्लतेची आहे. पाकळीच्या पेशीतल्या रसधानीत सुरुवातीला आम्लता जास्त असते आणि त्या वातावरणात सायनिन लाल दिसतं. फूल म्हातारं होताना प्रथिनं मोडतात, अमोनियासारखी द्रव्यं तयार होतात, आम्लता कमी होते आणि तेच द्रव्य जांभळटाकडे झुकतं. शेजारचे फ्लॅव्होनॉल आणि टॅनिन त्यात आणखी भर घालतात.

पिवळ्या गुलाबांचा रंग कॅरोटिनॉइडांचा. फूल उमलताना ती मोडत जातात, रंग उतरतो आणि त्याच मोडण्यातून बीटा-आयोनोनसारखी व्हायोलेटच्या फुलाचा वास देणारी द्रव्यं निघतात. रंग गेला तो वासात गेला, असं इथे शब्दशः म्हणता येतं.

गडद रंगाच्या गुलाबाला वास जास्त असतो, हे खरं का?

ठोकताळा म्हणून चालत नाही. घमघमणारे पांढरे गुलाब आहेत आणि बिनवासाचे लालभडक आहेत. रंग आणि सुगंध यांचा कच्चा माल मात्र काही ठिकाणी सामाईक आहे. फेनिलॲलॅनिनपासून अँथोसायनिनही बनतं आणि २-फेनिलइथेनॉलही. इस्रायलमधल्या संशोधकांनी २०१२ मध्ये रंगाशी संबंधित एक नियंत्रक जनुक गुलाबात घातलं, तेव्हा रंगाबरोबर सुगंधी द्रव्यांचं प्रमाणही वाढलेलं आढळलं.

'चहाचा वास' असलेले गुलाब म्हणजे काय?

टी-रोझ. यांच्या सुगंधात ३,५-डायमेथॉक्सीटोल्युइन मुख्य असतं, कधीकधी बाकी सगळ्यावर मात करेल इतकं. ते बनवणारी एन्झाइमांची जोडी चिनी गुलाबांचा वारसा आहे. जुन्या युरोपीय गुलाबांत हा वास नव्हता. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात चिनी गुलाब युरोपात पोचले, संकर झाले आणि आजच्या बहुतेक हायब्रिड गुलाबांत तो थोडाफार उतरला. ही द्रव्यंही फूल उमलतानाच वाढतात.

फुलांच्या दुकानातल्या लांब दांड्याच्या गुलाबाला वास का नसतो?

निवड करणाऱ्यांनी वास मागितलाच नाही म्हणून. लांब दांडा, जाड पाकळी, पेटीत न चेपण्याची ताकद आणि फुलदाणीत दहा-बारा दिवस टिकणं, या गुणांवर पिढ्यान्‌पिढ्या निवड झाली. वर सांगितलेल्या नडिक्स एन्झाइमचं जनुक अशा बऱ्याच जातींत फारसं काम करत नाही. शिवाय ही फुलं घट्ट कळीतच काढतात. आपल्याकडे मावळात तळेगावच्या परिसरातला पॉलिहाउसचा डच गुलाब फेब्रुवारीत परदेशी जातो, तो कळीच्या अवस्थेत आणि थंड साखळीतून. ज्या टप्प्यावर सुगंध तयार व्हायचा, तो टप्पा झाडावर येतच नाही. फुलदाणीत येतो, तेव्हा पानांकडून येणारी साखर तुटलेली असते.

फुलदाणीच्या पाण्यात साखर, थोडं आम्ल आणि जंतुनाशक असलेली पुडी घालतात ती याचसाठी. साखर उमलायला मदत करते. जंतू दांड्यातल्या नळ्या बुजवतात ते जंतुनाशक रोखतं. नळ्या बुजल्या की पाणी वर चढत नाही आणि गुलाब मान टाकतो.

मला मनापासून वाटतं की घराजवळ विकायच्या फुलांसाठी तरी आपल्याकडच्या उत्पादकांनी सुगंधी जातींना जागा द्यावी. पुण्याच्या बाजारात उतरणाऱ्या फुलाला ॲमस्टरडॅमपर्यंत टिकायची गरज नाही.

गुलकंदासाठी कोणतं फूल घ्यावं, आणि कोणत्या अवस्थेतलं?

दमास्क किंवा ज्याला आपण गावठी, देशी गुलाब म्हणतो तो पातळ पाकळीचा, सुगंधी गुलाब. नुकतंच उमललेलं, पुंकेसर पिवळे असलेलं, सकाळी तोडलेलं. कळ्या घेतल्या तर तुरटपणा येतो. उतरलेली फुलं घेतली तर गुलकंद नुसता गोड होतो. पाकळीचा देठाकडचा पांढरा भाग कडवट असतो, वेळ असेल तर तो खुडून टाका.

बरणीत पाकळ्या आणि खडीसाखरेचे थर दिले की साखर पाकळीतलं पाणी ओढते, पाक सुटतो आणि सुगंधी अल्कोहोलं त्यात उतरतात. उन्हात ठेवल्यावर पाकळीतल्या आम्लांमुळे साखरेचा काही भाग ग्लुकोज-फ्रुक्टोजमध्ये मोडतो. रंग गुलाबीवरून तपकिरी होत जातो, कारण अँथोसायनिन मोडतं. तो तपकिरी रंग बिघाडाचा नाही. महिनोन्‌महिने लालचुटुक राहणारा गुलकंद दिसला तर मात्र त्यात रंग घातला आहे का ते लेबलवर पाहा.

हार-गुच्छांसाठी वाढवलेली फुलं गुलकंदाला कधीही वापरू नका. त्यांच्यावर कीटकनाशकांची फवारणी खाण्याच्या पिकाचे नियम धरून केलेली नसते आणि धुतल्यानं सगळं जात नाही.

कोमेजताना काय होतं?

पेशींची आवरणं झिरपू लागतात, मेदद्रव्यांचं ऑक्सिडीकरण होतं, प्रथिनं मोडून त्यांतला नायट्रोजन झाड बऱ्याच अंशी परत ओढून घेतं. इथिलीन वायूला गुलाबाच्या काही जाती फार संवेदनशील असतात, काही जवळजवळ बेफिकीर. म्हणून काही गुलाब झाडावरच सुकतात आणि काहींच्या पाकळ्या ताज्या दिसत असतानाच झडतात. पिकलेली केळी किंवा आंबे इथिलीन सोडतात. फुलदाणी फळांच्या टोपलीशेजारी ठेवू नये.

घरच्या कुंडीतल्या गुलाबाला वास जास्त यावा म्हणून काय करता येईल?

जात सुगंधीच निवडा. बाकी सगळं त्यानंतर. 'फ्रॅग्रंट क्लाउड', 'डबल डिलाइट', 'पापा मेयाँ' किंवा साधा देशी गुलाब. रोज पाच-सहा तास ऊन हवं. महाराष्ट्रात ऑक्टोबरमध्ये छाटणी केली की नोव्हेंबर-डिसेंबरच्या थंडीत फुलं येतात आणि त्यांचा वास वर्षात सर्वांत भरदार असतो, कारण फूल सावकाश वाढतं आणि द्रव्यं लगेच उडून जात नाहीत. मे महिन्यात त्याच झाडाचं फूल छोटं येतं आणि दुपारपर्यंत संपतं. त्यात झाडाचं काही चुकलेलं नसतं.

बाजारातलं गुलाबतेल खरं की कृत्रिम, हे कसं ओळखतात?

घरी खात्रीनं ओळखता येत नाही. थंडीत गोठणं ही खूण आहे, पण मेण मिसळून ती उभी करता येते. प्रयोगशाळेत मात्र एक सुरेख कसोटी आहे. सिट्रोनेलॉलचे रेणू दोन प्रकारचे असतात, एकमेकांची आरशातली प्रतिबिंबं. गुलाबाच्या पाकळीतला एन्झाइम जवळजवळ एकच प्रकार बनवतो, डावा. कारखान्यात स्वस्तात बनवलेल्या सिट्रोनेलॉलमध्ये बहुधा दोन्ही प्रकार सारखेच असतात. विशिष्ट प्रकारच्या गॅस क्रोमॅटोग्राफीत हे दोन वेगळे करून मोजतात आणि उजवा प्रकार लक्षणीय दिसला की भेसळ उघडी पडते.

महागडं तेल घेणार असाल तर विक्रेत्याकडे त्या विशिष्ट लॉटचा विश्लेषण अहवाल मागा. तेलाच्या किमतीपुढे त्या चाचणीचा खर्च फार मोठा नसतो, आणि ज्याचा माल अस्सल आहे तो अहवाल द्यायला सहसा का-कू करत नाही.